गाय पान्हा का चोरते?

संगमनेर तालुक्यात दूध संकलन केंद्रावर सकाळी कॅन घेऊन आलेल्या कुणालाही ‘हार्मोनविषयी काही विचारायचं आहे का?’ असं विचारलं, तर तो बहुधा नकारार्थी मान हलवील. पण हीच माणसं जनावरांच्या डॉक्टरांना वर्षानुवर्षं जे प्रश्न विचारत आली आहेत, ते बघा. ‘डॉक्टर, वासरू मेल्यापासून गाय दूधच देईना.’ ‘धारेला नवा माणूस बसला की म्हैस पान्हा चोरते.’ ‘तीनदा भरवली, तरी गाय उलटतेच आहे.’ ‘काल व्याली, चीक भरपूर दिला, आणि आज उठायलाच तयार नाही.’ हे चारही प्रश्न हार्मोनचेच आहेत.

म्हणून या प्रकरणात आपण शरीरातल्या ग्रंथींची ओळख दवाखान्यात नव्हे, गोठ्यात करून घेऊ. गाईच्या आणि आपल्या ग्रंथींची नावं एकच, कामं जवळजवळ सारखी. गाईचं आणि माणसाचं इन्सुलिन इतकं जवळचं आहे, की १९२२ पासून पुढची अनेक दशकं मधुमेहाचे रुग्ण गाई-डुकरांपासून काढलेल्या इन्सुलिनवर जगले. पान्हा फोडणारं हार्मोन तर गाईत आणि माणसात तंतोतंत एकच आहे.

१. भरलेली कास आणि रिकामी बादली

कासेच्या आत एक मोठी पोकळी असते आणि तिच्यात दूध साठलेलं असतं, अशी पुष्कळांची समजूत असते. प्रत्यक्षात दूध तयार होतं आणि साठतं ते कासेतल्या असंख्य बारीक कोशांमध्ये. प्रत्येक कोशाच्या आतल्या बाजूला दूध बनवणाऱ्या पेशींचा थर असतो आणि बाहेरून त्याला स्नायूसारख्या आकसणाऱ्या पेशींनी वेढलेलं असतं. कोशांपासून बारीक नळ्या निघतात, त्या एकमेकींना मिळत मोठ्या होतात आणि शेवटी सडाच्या वरच्या पोकळीत उघडतात.

धार काढायला बसल्यावर हाताला सहज लागतं ते फक्त या पोकळीतलं दूध. संकरित गाईत ते एकूण दुधाच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतकं असतं. म्हणजे सकाळी कासेत १० लिटर दूध असेल, तर आपोआप मिळण्याजोगं जेमतेम २ लिटर. उरलेलं ८ लिटर कोशांत आणि बारीक नळ्यांत अडकलेलं असतं. कितीही जोरानं सड ओढले तरी ते खाली येत नाही. कोशांभोवतीच्या पेशी आकसल्या, त्यांनी कोश दाबले, तरच ते नळ्यांत उतरतं. हे उतरणं म्हणजेच पान्हा.

म्हशीचं गणित आणखी कडक आहे. तिच्या सडावरच्या पोकळीत एकूण दुधाच्या अवघं पाच टक्क्यांच्या आसपास दूध असतं. पाच लिटरची म्हैस पान्हावली नाही, तर बादलीत पाव लिटर पडेल, बस्स. म्हशीवाले धारेच्या वेळी गोठ्यात अनोळखी माणूस येऊ देत नाहीत, मोठ्यानं बोलू देत नाहीत. त्यांच्या त्या काळजीला या पाव लिटरचा भक्कम आधार आहे.

आता ‘चोरणं’ या आरोपाचं बघू. कोशांभोवतीच्या त्या पेशी गाईच्या इच्छेनं हलत नाहीत. आपल्याला जशी आतड्यांची हालचाल मनात आणून थांबवता येत नाही, तसाच गाईला पान्हा मनात आणून रोखता येत नाही. पेशींना आकसण्याचा निरोप पोचला तर पान्हा फुटतो, नाही पोचला तर नाही. गाय चोर नसते. प्रश्न एवढाच, की हा निरोप पाठवतो कोण आणि तो वाटेत अडतो कुठे.

२. निरोप रक्तातून जातो

शरीरातले निरोप फक्त मज्जातंतूंमधून जातात, असं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बहुतेक शास्त्रज्ञ मानत होते. १९०२ साली लंडनमध्ये विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग या दोघांनी एक प्रयोग केला. जठरातलं आम्ल लहान आतड्यात उतरलं, की स्वादुपिंडातून पाचक रस सुटतो, हे आधीपासून माहीत होतं. त्यांनी कुत्र्याच्या आतड्याच्या एका तुकड्याकडे जाणारे सगळे मज्जातंतू तोडले आणि त्या तुकड्यात आम्ल घातलं. रस तरीही सुटला. मग त्यांनी आतड्याचं अस्तर खरवडलं, ते आम्लात खललं आणि तो अर्क रक्तात टोचला. पुन्हा रस सुटला. आतड्यानं स्वादुपिंडाला पाठवलेला निरोप रक्तातून चालला होता. त्या पदार्थाला त्यांनी सिक्रेटिन म्हटलं आणि अशा सगळ्या पदार्थांसाठी स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये ‘हार्मोन’ हे नाव वापरलं. मराठी पाठ्यपुस्तकांत त्याला संप्रेरक म्हणतात.

इथे ग्रंथींचे दोन प्रकार वेगळे करून ठेवू. घाम, लाळ, दूध तयार करणाऱ्या ग्रंथींना नळी असते. त्यांचा स्राव त्या नळीतून ठरलेल्या जागी जातो. त्या बहिःस्रावी ग्रंथी. दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथींना नळीच नसते, त्यांचा स्राव सरळ रक्तात मिसळतो. त्या अंतःस्रावी. कास बहिःस्रावी आहे, पण ती चालते अंतःस्रावी ग्रंथींच्या हुकमावर. स्वादुपिंड दोन्ही कामं करतं. त्याचा पाचक रस नळीतून आतड्यात जातो आणि इन्सुलिन थेट रक्तात.

रक्त तर सगळ्या शरीरात फिरतं. मग कासेसाठी निघालेल्या संप्रेरकानं डोळ्यांवर किंवा खुरांवर काही परिणाम का होऊ नये? गावात पूर्वी दवंडी पिटायचे, ती आठवा. ‘ज्यांचा शेतसारा बाकी आहे त्यांनी चावडीवर यावं’ अशी दवंडी साऱ्या आळ्यांतून फिरायची. ऐकायचे सगळे, पण उठायचे ते बाकीदारच. संप्रेरकही सगळ्या पेशींपर्यंत पोचतं, पण ज्या पेशींवर ते पकडण्याची खास जागा असते त्याच हलतात. या जागेला ग्राही म्हणतात. संप्रेरक आहे पण ग्राही काम करत नाही, असंही होऊ शकतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटच्या भागात लागेल.

मुख्य अंतःस्रावी ग्रंथी मोजक्याच आहेत. मेंदूच्या तळाशी पियुषिका, म्हणजे पिट्युटरी. गळ्यात अवटू, म्हणजे थायरॉईड, आणि तिच्या पाठीला चिकटलेल्या चार चिमुकल्या परावटू, म्हणजे पॅराथायरॉईड. मूत्रपिंडांच्या डोक्यावर अधिवृक्क, म्हणजे अॅड्रिनल. पोटात स्वादुपिंड. मादीत अंडाशय, नरात वृषण. दवाखान्यातल्या फाइलवर यांची इंग्रजी नावं असतात आणि शाळेच्या पुस्तकात संस्कृत, त्यामुळे एकाच माणसाला त्या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. दोन्ही नावं ओळखीची करून घेतलेली बरी.

३. वासरू ढुशी मारतं तेव्हा

वासरू सडाला तोंड लावतं, कासेला ढुशी मारतं. सडाच्या कातडीतले मज्जातंतू ही खबर पाठीच्या कण्यातून मेंदूत नेतात. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे, तिथल्या पेशी ऑक्सिटोसिन हे संप्रेरक बनवतात. ते साठवलं जातं पियुषिकेच्या मागच्या भागात. खबर पोचली की तिथून ते रक्तात सुटतं, हृदयातून फिरून कासेत येतं, कोशांभोवतीच्या पेशींच्या ग्राहींना पकडतं, आणि पेशी आकसतात. जाताना मज्जातंतू, येताना रक्त, असा हा प्रवास. तो पुरा व्हायला सुमारे एक ते दीड मिनिट लागतं.

दूध बनवणं आणि दूध सोडणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांची संप्रेरकंही वेगळी आहेत. बनवण्याच्या कामात प्रोलॅक्टिन महत्त्वाचं. ते पियुषिकेच्या पुढच्या भागातून येतं. चारा, पेंड, पाणी, गाईची जात, किती दिवसांची व्यालेली आहे, यावर दूध किती बनतं हे ठरतं. ऑक्सिटोसिन त्यात थेंबाचीही भर घालत नाही, ते फक्त बनलेलं दूध खाली उतरवतं.

ऑक्सिटोसिनचा असर फार थोडा वेळ टिकतो. रक्तातलं त्याचं प्रमाण काही मिनिटांतच ओसरतं. म्हणून धारेचं वेळापत्रक असं असावं लागतं: समजा ६ वाजता कास कोमट पाण्यानं धुतली, पुसली, वीस-तीस सेकंद चोळली. ६ वाजून १ मिनिटानं कास टणक होते, सड भरतात. आता लगेच धार सुरू केली आणि पाच-सात मिनिटांत संपवली, तर सगळं दूध निघतं. पण कास धुऊन माणूस दुसऱ्या गाईकडे गेला, फोन घेतला, आणि ६ वाजून १२ मिनिटांनी परत आला, तर निरोप येऊन विरून गेलेला असतो. बरंचसं दूध पुन्हा कासेतच राहतं आणि आत राहिलेल्या दुधामुळे पुढचं दूध बनणं मंदावतं. पाच-सहा गाई एकदम धुऊन मग एकेकीला मशीन लावणाऱ्यांचं नुकसान इथेच होतं.

वासराशिवायही पान्हा फुटतो, कारण मेंदू शिकतो. बादलीचा आवाज, पुढ्यात पडलेली पेंड, रोजच्या माणसाचा हात यांची सवय झाली, की सडाला हात लागण्याआधीच ऑक्सिटोसिन सुटायला लागतं. होल्स्टिन आणि जर्सी या जातींत वासरू तोडून धार काढण्याची पद्धत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे आणि तशाच गाई निवडल्या गेल्या आहेत. उरुळीकांचनला १९६७ मध्ये सुरू झालेल्या बायफ या संस्थेनं संकरीकरण शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेलं, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं होल्स्टिन, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ तयार केली. अशा गाई बहुधा वासराशिवाय पान्हावतात. शेजारच्या अकोले तालुक्यातली डांगी, किंवा गीर, किंवा म्हैस मात्र वासरावर, रेडकावर अडून बसते. तिच्या मेंदूला निरोप सोडण्यासाठी त्याचा वास, स्पर्श, ढुशी लागते.

वासरू मेल्यावर गाय दूध का देत नाही, याचं उत्तर आता हाती आलं. दूध आटलेलं नसतं, खबर देणारा गेलेला असतो. मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून ते गाईपुढे ठेवण्याची जुनी रीत ऐकायला उदास वाटते, पण ती शरीरशास्त्राला धरून आहे: वास तोच, म्हणून निरोप सुटतो. आज त्याऐवजी धारेच्या वेळी आवडीची पेंड, रोज तोच माणूस, तीच वेळ आणि धीरानं कास चोळणं यानं बहुतेक गाई काही दिवसांत नव्या सवयीला लागतात. व्यायच्या आधीपासून कासेला हात लावण्याची सवय केली, तर ही वेळच येत नाही.

अंगावर पाजणाऱ्या आईचंही असंच असतं. बाळ दुसऱ्या खोलीत रडलं तरी तिचा पदर भिजतो. आणि घरात भांडण असेल, ती घाबरलेली असेल, ‘हिला दूधच येत नाही’ असं कुणी तिच्या तोंडावर म्हणत असेल, तर दूध असूनही उतरत नाही. बाळंतिणीला शांत ठेवा, हा आजीचा सल्ला शास्त्राच्या कसोटीवर पुरेपूर उतरतो.

४. भीती दूध कशी अडवते

१९४१ साली अमेरिकेत इली आणि पीटरसन या संशोधकांनी गाईंवर काही प्रयोग केले. कासेच्या एका बाजूचे मज्जातंतू त्यांनी तोडले. तरीही दोन्ही बाजूंना पान्हा सारखाच फुटला, म्हणजे कासेकडे येणारा निरोप रक्तातूनच येतो हे पक्कं झालं. मग त्यांनी धारेआधी गाईला घाबरवलं. तिच्या पाठीवर मांजर ठेवलं, कानाजवळ कागदी पिशव्या फोडल्या. पान्हा अडला. आणि न घाबरवता नुसतं अॅड्रिनॅलिन टोचलं, तरीही तेच झालं.

अॅड्रिनॅलिन हे अधिवृक्क ग्रंथीचं संप्रेरक. संकटात पळायला किंवा लढायला शरीर तयार करणं हे त्याचं काम. हृदय जोरात धडधडतं, स्नायूंना रक्त मिळतं आणि त्या घडीला ज्याची गरज नाही तिथलं रक्त कमी होतं. कासेच्या रक्तवाहिन्या आकसतात. सुटलेलं ऑक्सिटोसिनही कोशांपर्यंत धड पोचत नाही. घाबरलेल्या गाईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटणंही मंदावतं. म्हणजे निरोप दोन ठिकाणी अडतो.

धारेआधी गाईला काठी मारणारा माणूस स्वतःच्या हातानं आपली बादली रिकामी ठेवतो, हे मला अगदी स्पष्टपणे सांगायचं आहे. ओरडणं, कुत्रं सोडणं, नवख्या माणसाला धारेला बसवणं, सड चिरलेले असताना दुखवून धार काढणं, या सगळ्यांचा हिशेब लिटरमध्ये होतो.

५. सुईनं पान्हा

हेन्री डेल यांनी १९०६ मध्ये दाखवलं, की पियुषिकेच्या अर्कानं गर्भाशय आकसतं. १९१० मध्ये त्याच अर्कानं बकरीला पान्हा फुटतो हे ऑट आणि स्कॉट यांनी दाखवलं. या अर्कातलं ऑक्सिटोसिन म्हणजे नऊ अमायनो आम्लांची छोटी साखळी आहे, हे व्हिन्सेंट दु विन्यो यांनी १९५३ च्या सुमारास उलगडलं आणि ती प्रयोगशाळेत बनवूनही दाखवली. १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. एवढी महत्त्वाची ही वस्तू. तिची गरज सर्वांत जास्त कुणाला असेल, तर बाळंतिणीला. प्रसूतीनंतर गर्भाशय आकसलं नाही तर रक्तस्राव थांबत नाही आणि काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. बाळ जन्मल्याबरोबर ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन द्यावं, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

हेच औषध गोठ्यात शिरलं. अडलेली गाय, वार न पडणं, व्याल्यावरचा रक्तस्राव अशा प्रसंगी पशुवैद्य ते वापरतात आणि ते योग्य आहे. पण रोज धारेआधी एक सुई, हा प्रकार वेगळा. तिसऱ्या भागात बघितलं तसं, या सुईनं दूध वाढत नाही. गाय शांतपणे पान्हावली असती तर जे निघालं असतं, तेच निघतं. उलट रोज बाहेरून निरोप मिळत गेला, की गाईचा स्वतःचा पान्हा कमी होत जातो आणि मग सुईशिवाय धारच निघत नाही. एकच सुई अनेक जनावरांना टोचली तर गाठी आणि संसर्ग हे वेगळंच.

या सुईचा पूर्वज तिच्याहून क्रूर होता. फुंका म्हणजे गाई-म्हशीच्या योनीत नळीनं हवा फुंकायची. तिथल्या ताणाची खबरही मेंदूत जाऊन ऑक्सिटोसिन सोडते, म्हणून त्यानं पान्हा फुटायचा. गांधीजींनी दूध सोडलं त्यामागे या फुंक्याची माहिती हे एक कारण होतं, असं त्यांनी आत्मकथेत लिहिलं आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ नं फुंका हा गुन्हा ठरवला आणि दूध काढण्यासाठी जनावराच्या आरोग्याला घातक असं कुठलंही इंजेक्शन देणंही त्याच कलमात आणलं. दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि जनावर सरकारजमा होऊ शकतं.

हा दुरुपयोग थांबवायचा म्हणून केंद्र सरकारनं २७ एप्रिल २०१८ रोजी अधिसूचना काढली. खाजगी कंपन्यांनी देशात विकण्यासाठी ऑक्सिटोसिन बनवू नये, ते काम एकट्या सरकारी कर्नाटक अँटिबायोटिक्स या कंपनीनं करावं. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि औषधक्षेत्रातल्या संघटना हवालदिल झाल्या. एकाच कारखान्यावर साऱ्या देशातल्या बाळंतिणींचा जीव कसा टांगायचा? १४ डिसेंबर २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयानं ती अधिसूचना रद्द केली. पुढे हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. गोठ्यातली चोरटी सुई थांबलीच पाहिजे, पण त्यासाठी प्रसूतिगृहातली सुई दुर्मीळ करणं मला कधीच पटलं नाही.

‘इंजेक्शनच्या दुधानं मुली लवकर वयात येतात का?’ हा प्रश्न आईवडील फार काळजीनं विचारतात. याला शास्त्रीय पुरावा नाही. ऑक्सिटोसिन ही प्रथिनासारखी साखळी आहे. पोटात गेल्यावर ती डाळीतल्या प्रथिनासारखी तुटते. इन्सुलिनची गोळी नसते, तेही याच कारणानं. शिवाय वयात येण्याची संप्रेरकं निराळी आहेत, ऑक्सिटोसिनचा त्यात हात नाही. सुईविरुद्ध बोलायला गाईचे हाल हे कारण पुरेसं आहे, त्यासाठी आयांना घाबरवण्याची गरज नाही.

६. उलटणारी गाय

हा भाग थोडक्यात. गाय साधारण २१ दिवसांनी माजावर येते. अंडाशयात बीज पिकत असताना इस्ट्रोजेन वाढतं, त्यानं गाय हंबरते, सोट टाकते. बीज बाहेर पडलं की त्या जागी पिवळी गाठ तयार होते आणि ती प्रोजेस्टेरॉन सोडते. गर्भ राखणारं संप्रेरक ते हेच. गर्भ राहिला तर गाठ टिकते, गाय सुमारे २८० दिवसांनी विते. नाही राहिला, तर सतराव्या दिवसाच्या आसपास गर्भाशय प्रोस्टाग्लँडिन सोडतं, ते ही गाठ मोडतं, आणि गाय पुन्हा माजावर येते, म्हणजे उलटते.

माजावर आणण्यासाठी पशुवैद्य जे इंजेक्शन देतात, ते बहुधा हेच प्रोस्टाग्लँडिन. पिवळी गाठ असेल तरच ते चालतं, म्हणून आधी तपासणी लागते. गाय गाभण असताना ते दिलं गेलं तर गर्भ पडतो. हे औषध कातडीतूनही शरीरात शिरतं, त्यामुळे घरातल्या गरोदर बाईनं आणि दमा असलेल्या माणसानं त्या बाटलीला हातही लावू नये.

७. व्याली आणि बसली

शेवटचा प्रश्न सर्वांत घाईचा. चांगली दुधाळ गाय, तिसरं-चौथं वेत. व्याली, चीक भरपूर दिला. एक-दोन दिवसांत पाय लटपटू लागले, मग ती बसली ती बसलीच. मान वळवून कुशीवर टेकवली, कान गार, नाकपुडी कोरडी. याला दुग्धज्वर किंवा मिल्क फीवर म्हणतात, पण तापाऐवजी अंग गार लागतं.

हिशेब मांडून पाहू. एक लिटर चिकात दोन ग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. १० लिटर चीक निघाला, तर सुमारे २३ ग्रॅम कॅल्शियम गेलं. आणि गाईच्या साऱ्या रक्तद्रवात एका वेळी असतं किती? सुमारे ३ ग्रॅम. म्हणजे रक्तात आहे त्याच्या जवळजवळ आठपट कॅल्शियम एका दिवसात कासेतून बाहेर जातं. ते भरून काढायचं काम परावटू ग्रंथींचं. रक्तातलं कॅल्शियम जरा उतरलं, की त्या संप्रेरक सोडतात. त्यानं हाडांतून कॅल्शियम निघतं, मूत्रपिंड लघवीतलं कॅल्शियम राखून ठेवतं आणि ‘ड’ जीवनसत्त्व कामाला लागून आतडी चाऱ्यातलं कॅल्शियम जास्त ओढतात. कॅल्शियम पुरेसं झालं की त्या आपलं काम आवरतं घेतात.

घटलं की सोडायचं, पुरलं की थांबायचं, ही अंतःस्रावी ग्रंथींची रीतच आहे. थायरॉईडचा रिपोर्ट वाचतानाही हीच रीत कामी येते. ‘टीएसएच वाढलाय, म्हणजे थायरॉईड जास्त झालंय का?’ असं पुष्कळ जण विचारतात. टीएसएच थायरॉईडचा नाही, तो पियुषिकेनं थायरॉईडला दिलेला हुकूम आहे. मोठ्या माणसात तो साधारण ०.४ ते ४ असतो. एखाद्या बाईचा टीएसएच १२ आणि टी-४, म्हणजे थायरॉईडचं स्वतःचं संप्रेरक, कमी आला, तर याचा अर्थ ग्रंथी कमी काम करते आहे आणि पियुषिका तिला जोरजोरात हुकूम देते आहे. गोळी सुरू करून टी-४ पुरेसा झाला की टीएसएच आपोआप खाली येतो. गोळी किती, हे त्या आकड्यावरून डॉक्टर ठरवतात. आकडा ठीक आला म्हणून स्वतःच गोळी बंद केली तर तो पुन्हा चढतो.

आता गाईकडे वळू. परावटूचं संप्रेरक सुटलेलं असूनही गाय का बसते? कारण आपण मघाशी लक्षात ठेवलेली गोष्ट: संप्रेरक आहे, पण ग्राही बहिरे. चाऱ्यात पोटॅशियम फार असेल तर रक्ताचा कल अल्कधर्मी बाजूला जातो आणि हाडांतले व मूत्रपिंडातले ग्राही या संप्रेरकाला नीट दाद देत नाहीत. भाकड काळात भरपूर लसूणघास घातला तर हेच होतं, आणि त्यातून कॅल्शियमही गरजेपेक्षा जास्त मिळाल्यानं परावटू सुस्तावतात. मग व्याल्यावर एकदम मागणी आली की त्यांना जागं व्हायला एक-दोन दिवस लागतात. तेवढा वेळ गाईकडे नसतो.

प्रवरेच्या काठच्या बागायती गावांत आणखी एक गोष्ट भर घालते. गळीत हंगामात कारखान्याला ऊस जातो आणि गोठ्यात उसाचं वाढं येतं. वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियमला घट्ट धरून बसतं आणि जनावराला ते मिळू देत नाही. तालुक्याच्या पठार भागातही पाण्याची टंचाई असली, की लोक बाहेरून वाढंच आणतात. महिनोन्‌महिने मुख्य चारा म्हणून वाढं देऊ नये. द्यावंच लागलं तर कुट्टी करून, चुन्याची निवळी शिंपडून, दुसऱ्या वैरणीत मिसळून द्यावं. व्यायच्या आधीच्या तीन आठवड्यांत लसूणघास कमी करावा. त्या काळात कॅल्शियमच्या बाटल्या पाजायची घाई करू नये. कोणतं क्षारमिश्रण द्यायचं, ते पशुवैद्यांना विचारावं. दुसऱ्या-तिसऱ्या वेतापुढच्या, जास्त दुधाच्या गाईंची ही काळजी विशेष घ्यावी.

आणि गाय बसलीच, तर वेळ घालवू नका. तोंडातून औषध, तेल, गूळपाणी काहीही पाजू नका. तिला गिळण्याची ताकद नसते, ते फुप्फुसात जातं. तिला एका कुशीवर आडवं पडू देऊ नका, दोन्ही बाजूंनी पेंढ्याचा टेकू देऊन पोटावर बसवा आणि लगेच डॉक्टरांना बोलवा. कॅल्शियमची बाटली शिरेतून सावकाश, हृदयाचे ठोके ऐकत द्यावी लागते. घाईनं दिली तर हृदय बंद पडतं, म्हणून ती स्वतः लावायला जाऊ नका. वेळेवर उपचार झाला, तर बहुतेक गाई काही तासांत आपल्या पायांवर उभ्या राहतात.